शेंदराखालचा माणूस

दर दोन-तीन मिनिटांनी मी "इफ्फत?" अशी हाक मारते आणि ती जिथं असेल तिथून "हां" म्हणते. ती चालायला लागली तेव्हापासूनची आमची ही पद्धत. इफ्फतचे अब्बू, अजिम, हसतात. म्हणतात, कंपनीतल्या मशीनला सुद्धा एवढे सेन्सर नसतात. हसू देत. कुरुळीत आमच्या खोलीपासून पन्नास पावलांवर रस्ता आहे, त्यावरून दिवसभर कंटेनर जातात, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला कंटेनर म्हणजे चालतं घर वाटतं.

त्या मंगळवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. "इफ्फत?" म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाहीच. हातातला शर्ट टाकून आधी फाटकाकडं पळाले. फाटकाला कडी होती. मग घरामागं गेले. कोपऱ्यातल्या लिंबाखाली, नळाशेजारच्या दगडापुढं ती फतकल मारून बसली होती. जवळ आमचा आंघोळीचा मग, माझी भांडी घासायची घासणी, आणि मांडीत एक केशरी तुकडा. भाकरीएवढा. दोन बोटं जाड.

"अम्मी, बाप्पाची अंगी निघाली," ती म्हणाली.

पहिल्यांदा मी तिची बोटं बघितली. हाताची, पायाची. डोकं चाचपलं. कुठंही लागलं नव्हतं. मग दगडाकडं बघायची हिंमत केली. तो दगड कमरेएवढा उंच, नखशिखांत शेंदरानं माखलेला, नाक-डोळे काही नसलेला. त्याच्या खालच्या अंगाला आता शेंदूर नव्हता. तेवढ्या भागात काळा, ओला दगड उघडा पडला होता.

कुणी पाहिलं का, म्हणून मी आधी मागं वळून बघितलं. का बघितलं, ते सांगायला हवं.

आम्ही दोघंही इथलेच. माझं माहेर पिंपरीतलं, अजिमचं घर चिंचवडला. ते चाकणला एका गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत रंगाच्या विभागात आहेत, रंग नीट बसला की नाही ते तपासायचं काम. जाण्यायेण्यातच जीव जायचा, म्हणून कंपनीजवळ खोली बघायचं ठरलं. नऊ ठिकाणी गेलो. फोनवर अजिमचं मराठी ऐकून लोक "या की बघायला" म्हणायचे. आधार कार्ड हातात घेतलं की खोली कालच गेलेली असायची. वाईट कुणी बोललं नाही. दोन ठिकाणी चहाही पाजला.

दहावी खोली चिमाबाईंची. सत्तरीच्या आसपासच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी आमचं कार्ड नाकाला टेकवून बघितलं, परत दिलं आणि विचारलं, "पोरगी रातची रडती का?"

मी म्हटलं, "कधी कधी."

"रडंना. लेकरूच हाय." मग त्यांनी घरामागं नेऊन हा दगड दाखवला. "पर ह्याला हात लावायचा न्हाई. लेकराला तर फिरकू द्यायचं न्हाई हितं. लई कडक हाय. आमच्या घराचा देव हाय, पर लेकरावर खुनशी हाय. बाकी तुमी काय खावा, कसं ऱ्हावा, मला काय न्हाई."

एकच अट. ती मी दहा महिने जिवापाड पाळली. मुलीला त्या बाजूला जाऊ दिलं नाही. तिनं मात्र खिडकीतून दर शनिवारी चिमाबाई दगडाला पाणी घालून शेंदूर चोपडतात ते बघितलं होतं. आता चिमाबाई लेकीकडं गेल्या होत्या, पिंपळे गुरवला, तर बाप्पाला आंघोळ कोण घालणार, म्हणून ती स्वतःच बसली.

आमचा अकरा महिन्यांचा करार एक तारखेला संपत होता. पुढचा करायचा की नाही, ते चिमाबाईंचा मुलगा ठरवणार होता. जयसिंगभाऊंचे पाण्याचे टँकर चालतात, गावच्या मंडळात ते पुढं असतात, पुढच्या घरात राहतात. माझ्याशी ते कधी वाकडं बोललेले नाहीत. पण वाकडं काय काय होऊ शकतं, हे मी आधीच बघून ठेवते. सवयच आहे. त्यामुळं तो तुकडा हातात घेतल्याबरोबर माझ्या डोक्यात अख्खा प्रसंग उभा राहिला: भाडेकरूंच्या पोरीनं देव फोडला. भाडेकरू कोण? तर शेख. पुढचं सगळं गावच सांगेल.

मी तुकडा जुन्या ओढणीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला. मग आमची लग्नातली मोठी हिरवी चादर, धुवायची नसताना, भिजवली आणि त्या दगडापुढच्या दोरीवर टाकली. आता घराकडून बघणाऱ्याला फक्त चादर दिसत होती.

अजिम पहिली शिफ्ट संपवून साडेतीनला आले. मी तांदळाचा डबा पुढं केला. त्यांनी ओढणी सोडली, तुकडा उजेडात धरला आणि रिजेक्ट होऊन आलेल्या पार्टकडं बघतात तसं कडेनं बघायला लागले.

"थर बघ," ते म्हणाले. "कांद्यासारखे. आतले पातळ आहेत, एकसारखे. आणि इथून पुढं बाहेरचे बघ, केवढे जाड. नंतर कुणीतरी भरमसाट लावलंय."

"अहो, मी काय विचारतेय?"

"तेच सांगतोय. पोरीचा दोष नाही. आत ओल राहिली, वरून थरावर थर चढले, उन्हानं दगड तापला. सुटलंच होतं ते. हिनं गार पाणी ओतलं एवढंच. ही नसती तर या पावसाळ्यात पडलंच असतं."

"हे जयसिंगभाऊंना सांगणार तुम्ही?"

त्यांनी तुकडा पुन्हा ओढणीत गुंडाळला. मग म्हणाले, "रिवर्क करू."

"म्हणजे?"

"लांबी भरायची, पुट्टी गं, वरून रंग मारायचा. शेड जुळवून देतो. मोतीबिंदूवाल्या आजींना काय कळणार?"

"मोतीबिंदू काढायलाच गेल्यात त्या!" मी म्हटलं. "शनिवारी येतील तेव्हा त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं दिसत असेल."

या गोष्टीवर आम्हाला दोघांनाही हसू फुटलं, आणि हसू फुटलं याचीच मग मला भीती वाटली.

बुधवारी सकाळी मी चादर पुन्हा भिजवली. दहाच्या सुमाराला जयसिंगभाऊ मोजायची टेप घेऊन मागं आले. मी मुलीला कडेवर घेतलं आणि दोरीजवळ जाऊन उभी राहिले.

"वहिनी, ही चादर कालपास्नं वाळंना व्हय?"

"जाड आहे, भाऊ."

"मे महिना हाय."

"आतून ओली आहे."

त्यांनी चादरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि टेप खिशात टाकली. "बरं. शनवारी गवंडी येनार हाय. आईचं डोळं झालं का देवाला वट्टा बांधायचाय, फरशी लावून. तवर वाळंल का?"

"वाळेल," मी म्हटलं.

कडेवरून इफ्फत म्हणाली, "काका, बाप्पाची..." मी तिचं तोंड माझ्या खांद्यावर दाबलं. "भूक लागलीय तिला," मी म्हटलं. ते गेले.

म्हणजे शनिवारपर्यंतच वेळ. संध्याकाळी ऊन असतानाच अजिमनी तीन विटांवर तीन केशरी छटा मारल्या. एक फार लाल झाली, एक भगव्या टोपीसारखी, एक जरा जवळपास. "तेलाचा मंदपणा येत नाही त्यात," ते विटा डोळ्यांपुढं धरून म्हणत होते. वाळायला म्हणून त्यांनी त्या दगडाशेजारीच ओळीनं उभ्या केल्या, आणि मला काम दिलं. लांबी बसायची तर खालची जागा स्वच्छ हवी. उद्या दुपारी ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून ठेव. खरवडू नको. ओरखडा येता कामा नये.

गुरुवारी मुलीला निजवून मी चादरीमागं बसले. दुपारी दोनचं ऊन. अट आता मीही मोडत होते. फडकं फिरवलं. दगडाच्या खाचांमधून काळं तेलकट पाणी निघालं. मग एक शिंग दिसलं.

शिंगच. दगडात कोरलेलं. त्याखाली गाईचं तोंड. तिच्यामागं दुसरी गाय, आणि त्या दोघींच्या पुढं एक पाय. माणसाचा. पायात तोडा. पाऊल घट्ट रोवलेलं. वरचं सगळं अंग शेंदरात होतं.

मी फडकं खाली ठेवलं. हे मी बघितलेलं होतं. हाच दगड नाही, पण याच्यासारखे. इतिहास घेऊन बीए करताना आमच्या मॅडमनी आम्हाला एका गावाच्या देवळामागं नेलं होतं. तिथं असे पाच-सहा दगड भिंतीला टेकून उभे होते आणि मुलींनी त्यांवर पर्स ठेवल्या होत्या. मॅडम भडकल्या. म्हणाल्या, "उचला आधी. ते वीरगळ आहेत." मग त्यांनी सांगितलं, गळ म्हणजे दगड. कन्नडमध्ये दगडाला कल्लु म्हणतात, त्या कल्लुचा आपल्याकडं गळ झाला. वीराचा दगड. गावाचं रक्षण करताना, बहुतेक वेळा चोरांनी पळवलेली गुरं सोडवताना जो मेला, त्याच्या आठवणीला गावानं उभा केलेला. वाचायचा खालून वर. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला उचलून नेतात, वर तो देवापुढं हात जोडून बसलेला. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. ते जोवर आहेत तोवर याला विसरू नका, असा निरोप.

मी तेव्हा विचारलं होतं, "पण मॅडम, नाव कुठंय?"

"बहुतेकांवर नसतं," मॅडम म्हणाल्या होत्या. "गावाला माहीतच होतं ना तेव्हा."

माझ्यासमोरच्या दगडाला गावानं नावाऐवजी शेंदूर दिला होता. तो लेकरांवर खुनशी आहे एवढंच आता त्याच्याबद्दल उरलं होतं. आणि उद्या संध्याकाळी आम्ही त्याच्या पायावर लांबी भरणार होतो, एका मोटारीच्या बंपरला भरतात तशी. मला ते बरं वाटेना. पण खोलीही जायला नको होती. बालवाडीत मुलीचं नाव घातलेलं, अजिमची कंपनी दहा मिनिटांवर, आणि पुन्हा ती नऊ घरं, तो चहा. मी जागा कोरडी करून घरात आले.

शुक्रवारी सकाळी चादर भिजवायला गेले तर माझ्या हातून बादलीच निसटली.

अजिमच्या तीन विटांपैकी मधल्या विटेवर जास्वंदीचं फूल होतं. पुढं दोन दाणे खडीसाखर.

शेजारच्या खोलीत पिंकी राहते. लातूरकडची, नवीन लग्न झालेली, नवरा कंपनीत प्रेसशॉपला. तिच्या दारात जास्वंद आहे. मी तिच्या दाराशी गेले. ती कणीक मळत होती.

"पिंकी, ते फूल तू ठेवलंस?"

"हां ताई. चुकलं का? पडदा केलेला बघितला, मला वाटलं आजींनी नवे मांडलेत. मोठ्या देवासारखाच रंग आहे की." तिनं हात झटकले. "मधले लई जागृत वाटले. मी बोलले पण त्यांना, यांची नोकरी पर्मनंट होऊ दे म्हणून."

"अगं, ती वीट आहे."

"असू दे ना ताई. देव काय, आधी दगडच असतोय."

मी परत आले आणि चादरीमागं उभी राहिले. विटेला देव व्हायला दीड दिवस लागला होता. मी आज लांबी भरून गप्प बसले असते, तर माझं खोटंही असंच मूळ धरून बसलं असतं. त्याच्यावर कोण शेंदूर चढवेल, कोणतं लेकरू आजारी पडल्यावर कुणाला काय वाटेल, कुणी सांगावं. मला खोली हवी होती. पण रोज सकाळी चादर भिजवून मिळणारी नको होती.

अकराला रिक्षा थांबली. काळ्या गॉगलमध्ये चिमाबाई उतरल्या, ठरल्याच्या एक दिवस आधीच, मागून जयसिंगभाऊ पिशवी घेऊन. अजिम कामावर होते. त्यांची वाट बघितली असती तर माझी हिंमत संपली असती. मी डब्यातून ओढणी काढली, मुलीचा हात धरला आणि त्यांच्या ओसरीवर गेले.

"आजी, डोळा कसाय?"

"एकच केलाय. पर भिताडावरची मुंगी दिसतीया," त्या म्हणाल्या. "ये बस. काय आनलंस?"

मी ओढणी त्यांच्या पुढ्यात सोडली.

जयसिंगभाऊंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. चिमाबाईंनी गॉगल वर केला आणि तुकड्याला हात लावला. हळू आवाजात म्हणाल्या, "पडलं? आपसूक?"

सुटकेचं दार उघडं होतं. हो म्हणायचं आणि बाहेर पडायचं. अजिमच्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं.

"नाही आजी," मी म्हटलं. "इफ्फत आंघोळ घालत होती त्याला. मंगळवारी. माझं लक्ष चुकलं. चादर मीच मुद्दाम टाकली होती, भाऊंना दिसू नये म्हणून. तुम्ही सांगाल तर आम्ही एक तारखेला..."

"मंगळवारी," चिमाबाई म्हणाल्या. त्यांनी बोटं मोजली. "चार दिस. पोरीला ताप आला का?"

"नाही."

"उलटी? अंग मोडलं? झोपंत दचकती का?"

"काहीच नाही, आजी. काल तीन पोळ्या खाल्ल्या."

त्यांनी इफ्फतला जवळ ओढलं, गालाला हात लावला, कपाळाला लावला, मानेवर लावला. माझ्यासारखंच. मग एकदम ओरडल्या, "जयशा! आरं देवानं शेंदराचं कवच सोडलं!"

जयसिंगभाऊ अजून तुकड्याकडंच बघत होते. "पर आई, पोरीनं काढलंय ते..."

"कुनी का काढंना! सुटायचं आसंल त्याच्याच हातनं सुटतंय. माझी सासू सांगायची, तिच्या सासूच्या टायमाला एकदा सुटलं हुतं, तवा गावजेवन घातलं हुतं. मी चाळीस वरसं वाट बघतीया. माझ्या हातनं काय सुटलं न्हाई." त्या उठायला लागल्या. "चला. मला बघायचंय. ह्या डोळ्यानं बघायचंय."

आम्ही घरामागं गेलो. मी स्वतःच्या हातानं चादर ओढून काढली. ती खरोखरच अजून ओली होती.

जयसिंगभाऊंना आधी विटा दिसल्या. "हे वो काय, वहिनी? आजून तीन देव?"

"सॅम्पल आहेत," मी म्हटलं. "यांनी शेड जुळवायला..."

"आन् फूल?"

"ते पिंकीचं."

त्यांनी हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. तो हात मला दिसला आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास छातीच्या खालपर्यंत गेला.

चिमाबाई खाली बसल्या. बरा झालेला डोळा त्यांनी दगडाच्या जवळ नेला. "ह्ये शिंग हाय का गं?"

"हो. गाई आहेत, दोन. आणि हा पाय."

"कुनाचा?"

मी सांगितलं. मॅडमनी सांगितलं होतं तेवढंच, माझ्या पदरचं काही न घालता. वीरगळ म्हणजे काय, कल्लु म्हणजे काय. गुरं वाचवताना मेलेला माणूस. वरच्या शेंदराखाली त्याला नेणाऱ्या बाया असतील, माथ्यावर चंद्र-सूर्य असतील. "नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं, "सगळं निघाल्यावर कळेल. पण गाई आहेत म्हणजे तोच."

"म्हंजी मानूस हाय," त्या म्हणाल्या.

"माणूस होता."

"गुरांसाठी मेला."

"बहुतेक तुमच्याच घरातला असेल. म्हणून तुमच्या अंगणात आहे."

त्या बराच वेळ त्या पायावर बोट फिरवत बसल्या. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. "माझी पैली लेक हुती. दोन वरसांची. हा जयशा झाला तवा मी बाळंतीन. सोयर हुतं, म्हून तीन शनवार मी ह्याला शेंदूर न्हाई लावला. चौथ्या शनवारी लेकरू तापानं गेलं. सासू म्हनली, देव कोपला, त्यानं न्हेली. तवापास्नं एक शनवार चुकवला न्हाई मी. जाड लावायचे. लई जाड. म्हनलं, पुना ह्याचं त्वांड दिसाया नगं मला."

आतले थर पातळ, बाहेरचे जाड. अजिमना ते कडेवरून दिसलं होतं, का ते मात्र कळलं नव्हतं.

जयसिंगभाऊ लिंबाच्या खोडाला धरून उभे होते. हे त्यांनाही आजच कळत होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. "आई, मला कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"काय बोलू? तुझ्यामुळं चुकलं आसं वाटलं आसतं तुला." मग त्यांनी मला विचारलं, आणि अशा सुरात विचारलं की मला वाटलं, चूक उत्तर दिलं तर मला माफी नाही. "पोरी, तू शिकलेली हायस. गुरासाठी जीव देनारा मानूस लेकरू न्हेईल का गं?"

"नाही, आजी," मी म्हटलं. "ते तापानं गेलं. ताप आला, त्यानं गेलं. तुमच्यामुळं नाही आणि याच्यामुळं नाही."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी गॉगल काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि दगडावर तळहात ठेवून लांब उसासा सोडला. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बाया सोडतात तसा.

"देव हायेच हा," त्या म्हणाल्या. "कडक न्हाई एवढंच."

इफ्फत इतका वेळ माझ्या ओढणीला धरून उभी होती. आता तिनं हळूच विचारलं, "आजी, आंघोळ राहिलीय त्याची. घालू?"

मी सवयीनं तिला मागं ओढलं. चिमाबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "सोड तिला!"

दुपारी अजिम आले ते हातात लांबीचा डबा घेऊनच. अंगणात शिरताना त्यांना चादर दिसली नाही, दगडापुढं जयसिंगभाऊ पाटावर बसलेले दिसले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला आतून ओरडून सांगावं लागलं, "सगळं ठीक आहे!"

"या अजिमभाऊ," जयसिंगभाऊ म्हणाले. "तुमचीच वाट बघतोय. ह्ये बाकीचं कसं काढायचं? छन्नी लावू का?"

"छन्नी?" अजिमनी डबा खाली ठेवला. "अहो, हात नका लावू. ओरखडा आला तर? कोमट तेल लागेल. आणि लाकडी उलथनं. मी दाखवतो." बाह्या वर करून ते असे खाली बसले की जणू चार दिवस त्यांना हेच करायचं होतं. दोघं अंधार पडेपर्यंत तेल मुरवत बसले होते. एकेक गाय निघाली की "हाय का राव!" असा आवाज यायचा.

"कवच इंद्रायणीत सोडायचं आसतं," चिमाबाई ओसरीवरून म्हणाल्या.

"आई, नदीला फेस आलाय. तिचीच घान कवचाला लागंल," जयसिंगभाऊ म्हणाले. "लिंबाखाली पुरू." तसंच ठरलं.

उठताना ते अजिमना म्हणाले, "एक तारखेला कागद करून घेऊ पुढचा. फक्त वहिनींना सांगा, चादर आता घरात न्या. मला वाटलं हुतं तुमचं काय तरी घरगुती भांडन हाय."

शनिवारी सकाळी दगड अर्ध्याहून जास्त मोकळा झाला होता. माथ्यावर चंद्र होता, सूर्याचा कोपरा फुटलेला होता. वीराला नाक नव्हतं, पण हात जोडलेले होते आणि ओठांवर कसलं तरी समाधान. गवंडी आला, त्याला फरशीऐवजी साधा दगडी वट्टा सांगितला. दोन विटा त्यानं वट्ट्यात घेतल्या. मधली पिंकीनं आधीच उचलून नेली होती. द्यायला तयार नाही. नवस बोललेय म्हणते.

मी स्वयंपाकघरात होते. भाकरी तव्यावर टाकली आणि सवयीनं हाक मारली.

"इफ्फत?"

उत्तर नाही. तवा खाली उतरवायला हात पुढं गेला, तोच मागच्या अंगणातून आधी पाण्याचा मग आपटल्याचा आवाज आला आणि मग चिमाबाईंचा.

"हाय गं हितं, माझ्यापाशी! कुनी न्हेत न्हाई!"

मी भाकरी उलटली. ती टम्म फुगली.